रेंज गेली तर

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, मीटरच्या खोलीला लागून, भिंतीवर एक करडी पेटी आहे. तिच्यावर बारीकसा दिवा. दिवा निळा असला की पेटीचं आणि गाड्यांच्या चार्जरांचं बोलणं चालू आहे असं समजायचं, नारिंगी झाला की तुटलं. जिन्याकडे जाताना मी आजही आधी तो दिवा बघतो. बायको म्हणते, देवाला नमस्कार करावा तसा बघतोस. तसं नाही ते. ते काय आहे, ते एकदा लिहून टाकावं म्हणून बसलो आहे.

इमारत मालवणच्या वेशीवर, कसालकडे जाणाऱ्या रस्त्याला. बहुतेक फ्लॅट चाकरमान्यांचे. मे महिन्यात आणि चतुर्थीला उघडतात, एरवी कुलुपं. वर्षभर राहणारी बिऱ्हाडं थोडी. तिसऱ्या मजल्यावर आबा, मुंबईच्या गोदीतली नोकरी संपवून परत आलेले, इमारतीत सगळ्यांत वयस्कर. पहिल्या मजल्यावर सोसायटीचे अध्यक्ष. दुसऱ्यावर आम्ही. आणि खाली, रस्त्याच्या तोंडाच्या गाळ्यात काकीची खाणावळ. ती कोणाची सख्खी काकी नव्हती. नवरा गेल्यावर तिने तो गाळा भाड्याने घेतला, दोन टेबलं मांडली, माशांसाठी एक मोठा फ्रीजर आणला आणि तेव्हापासून ती सगळ्यांची काकी झाली. माझी बायको माहेरी गेली की मी तिच्याकडेच जेवत असे. पैसे विचारले की म्हणायची, "मेल्या, आधी जेव तरी. माका काय तुझो पॅनल बसवूचो नाय."

मी विजेची पॅनलं बसवतो. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांची कामं हाच माझा धंदा. गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईकडचे पाहुणे विजेवरच्या गाड्या घेऊन यायला लागले आणि खोली ठरवण्याआधी चार्जिंगची सोय आहे का म्हणून विचारायला लागले. रिसॉर्टवाले मला विचारत, आणि मला तर ते काम येत नव्हतं. मी शिकून घेतलं. पण दाखवायला एक चालतं काम हवं होतं. म्हणून मीच अध्यक्षांना गळ घातली की आपल्या इमारतीत करू, मजुरी माझी मी सोडतो.

गोष्ट तशी सोपी आहे. इमारतीला ठरावीक वीज मंजूर असते. चार गाड्या एकदम चार्जिंगला लागल्या आणि वर घराघरांत गीझर, इस्त्री, मिक्सर चालू झाले, तर मुख्य स्विच पडणार. म्हणून चार्जर त्या पेटीला जोडायचे. पेटी सारखी इमारतीच्या एकूण विजेवर लक्ष ठेवते. घरांची गरज वाढली की गाड्यांना थोडं कमी देते, कमी झाली की पुन्हा वाढवते. घरात पाहुणे वाढले की पोरांच्या ताटातली एकेक पोळी कमी करणाऱ्या बाईसारखी.

फक्त आमची पेटी हे स्वतःच्या डोक्याने करत नव्हती. ती आकडे मोबाइलच्या सिमवरून कंपनीच्या दूरच्या संगणकाला पाठवी आणि तिथून चार्जरांना हुकूम येई. पेटीपासून चार्जरांपर्यंत वायर ओढली असती तर पेटीनेच हुकूम दिले असते आणि हे टळलं असतं. पण त्यासाठी पार्किंगच्या नव्या फरश्या फोडाव्या लागल्या असत्या, आणि कमिटी तयार नव्हती. मीही हट्ट धरला नाही. आता राहिला एक प्रश्न: रेंज गेली, हुकूम येईनासा झाला, तर चार्जरने किती वीज घ्यायची? तो आकडा बसवणाऱ्याने भरून ठेवायचा असतो. मी तो अगदी कमी ठेवला होता. शिकवताना मला तसंच सांगितलं होतं, आणि त्याचं कारणही कळलेलं होतं.

पावसाळ्याच्या तोंडावर अध्यक्षांनी नवी गाडी आणली आणि पहिल्याच दिवशी संध्याकाळी लावली. पाऊस झाला, रेंज गेली. सकाळी ते बायकोला घेऊन तिच्या माहेरी शिरोड्याला निघाले, तर गाडीत वीज नावालाच. वहिनी भरजरी साडी नेसून पार्किंगमध्ये उभ्या, हातात फणसाच्या सांदणांचा डबा. मला बोलावून घेतलं. तोवर दोघं-तिघं जमलेच होते.

"काय रे, तुझ्या पेटयेक रेंज नाय म्हणान गाडी उपाशी?"

"उद्या म्हशीक वैरण घालूकसुद्धा टावर होयो म्हणशीत."

"वहिनी, यष्टीन जावा. यष्टीक रेंज लागणा नाय."

अध्यक्ष हसले नाहीत. "तू रिसॉर्टवाल्यांना हेच दाखवणार आहेस का?" एवढंच म्हणाले, तेही शुद्ध मराठीत. आमच्याकडे माणूस रागावला किंवा ऑफिसात गेला की शुद्ध बोलतो.

ते शिरोड्याला गेले शेजाऱ्याच्या गाडीने. मी लॅपटॉप घेऊन खाली बसलो आणि तो आकडा बदलला. रेंज गेली तर चार्जरने पूर्ण वीज घ्यावी, असं भरलं. हात थांबला नाही असं नाही, थांबला होता. पण मनाशी म्हटलं, इमारतीत आहेच कोण? सगळी कुलुपं. पूर्ण घेतली तरी काही बिघडत नाही. पुढे फरश्या फोडून वायर ओढू आणि मग नीट करू.

आणि खरंच काही बिघडलं नाही. पावसाळाभर रेंज येत-जात राहिली, गाडी भरत राहिली, अध्यक्ष खूष. त्यांनी तारकर्लीच्या एका रिसॉर्टवाल्याला आणून माझं काम दाखवलं. रिकाम्या घरात चूक लपून राहते. मीसुद्धा ती विसरलो.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सगळी कुलुपं उघडली. पार्किंगमध्ये मुंबईच्या गाड्या, त्यांतल्या काही विजेवरच्या. चारही चार्जर लागले, पाचवी गाडी वाट बघत. वर घराघरांत पाणी तापतंय, पुरणासाठी मिक्सर फिरतायत, माळ्यावरून काढलेल्या रोषणाईच्या माळा जळतायत का ते लावून बघितलं जातंय. आणि आमच्याकडे चतुर्थीला जे दर वर्षी होतं ते झालं: एवढी माणसं एकदम आली की मोबाइलची रेंज मरते. फोन लागत नाही, मेसेज जात नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मला ठाऊक होतं. पण त्याचा आणि माझ्या पेटीचा संबंध मी कधी जोडलाच नव्हता. इमारतीला सर्वांत जास्त वीज लागते त्याच दिवशी पेटी मुकी होणार, आणि मुकी झाली की चारही गाड्या पोटभर ओढणार, हे मीच लिहून ठेवलं होतं.

दुपारी मी बाजारातून माटवीचं सामान घेऊन आलो. गणपतीच्या डोक्यावरच्या लाकडी चौकटीला बांधायची ती रानातली फळं, कवंडळं, हरणाची फुलं, आंब्याचे टाळे. दोन्ही हात भरलेले. पेटीवरचा दिवा नारिंगी दिसला. दिसला, हे मी नाकारत नाही. वाटलं, सामान वर ठेवून येतो आणि बघतो. हात भरले होते म्हणून लिफ्टसाठी थांबलो, पण लिफ्टच्या दाराशी आबा होते. मुलाने मूर्तिशाळेतून गणपती आणला होता, तोंडावर रुमाल घातलेला. आबांना उभं राहवत नाही म्हणून लिफ्टमध्ये प्लॅस्टिकची खुर्ची ठेवलेली. ते खुर्चीत बसले, पाट मांडीवर घेतला, मुलगा शेजारी उभा राहिला. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी जिन्याने येतो.

मी पहिल्या मजल्यावर पोचलो नसेन, तोच सगळं बंद पडलं. पंखे, मिक्सर, गाणी, सगळं एकदम. मग वरच्या मजल्यांवरून ओरडा झाला आणि त्यात लिफ्टमधून आबांच्या मुलाचा आवाज, "आमी मधीच अडाकलंव!"

आमची लिफ्ट जुनी. वीज गेली की आहे तिथे थांबते. बाहेर बायका गोळा झाल्या. कोणी रडायलाच लागली. आतून आबा म्हणाले, "अगो रडतंस कित्याक? माका काय झाला नाय. पण म्हाराजाक घाम इलो हा, तेवढो वारो घाला."

मी तोवर मीटरच्या खोलीत पोचलो होतो. सामान वाटेतच टाकलं होतं. मुख्य स्विच पडलेला. आणि तो बघता क्षणी मला सगळं कळलं, जसं आपलं हरवलेलं पाकीट कुठे राहिलं ते एकदम आठवावं. मी आधी चार्जरांचा स्विच पाडला, मग मुख्य वर केला. लिफ्ट हलली. आबा खाली आले, मांडीवरचा पाट तसाच धरलेला, हातांच्या शिरा फुगलेल्या. वर जायला ते पुन्हा लिफ्टमध्ये बसले नाहीत. त्यांना खुर्चीसकट चौघांनी जिन्याने नेलं.

खाली माणसं माझ्याभोवती. "कशान झाला?"

"लोड जास्त झाला," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

"कोणाचो लोड?"

काकीच्या गाळ्यात फ्रीजर पुन्हा घरघरायला लागला होता, आणि तिचं मोठं वाटणाचं यंत्रही. त्या आवाजाकडे माझी मान वळली. एवढंच. मी तोंडाने काही बोललो नाही. पण इमारतीत विजेचं कळणारा मी एकटा, आणि माझी नजर कुठे गेली ते सगळ्यांनी बघितलं. ती आवाजाकडे गेली की मी ती नेली, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. उत्तर मला माहीत आहे.

पुढचं त्यांनीच जुळवलं. काकीकडे त्या दुपारी मुंबईहून आलेल्या गाड्यांचे ड्रायव्हर जेवत होते, सुरमईची कढी आणि भात. कोणीतरी म्हणालं, हरतालिकेच्या दिवशी, वर म्हाराज येतायत आणि खाली मासे तळतंस? मग अडतलो नाय तर काय? लोडाचं आणि विटाळाचं एकच होऊन गेलं. अध्यक्ष म्हणाले, विसर्जन झालं की मीटिंग घेऊ, गाळा रिकामा करायला सांगावा लागेल.

त्या संध्याकाळी, सगळे माटवी बांधण्यात असताना, मी लॅपटॉप घेऊन खाली गेलो आणि तो आकडा पुन्हा कमी केला. सहज झालं. बघणाऱ्याला वाटलं असेल, बिचारा सणाच्या दिवशीही काम करतोय. अध्यक्षांनी तर चहा पाठवला. मी प्यालो.

दुसऱ्या दिवशी आबांच्या घरी पूजा झाल्यावर गाऱ्हाणं होतं. घरचे, शेजारचे सगळे हात जोडून उभे राहतात, आबा देवापुढे सगळ्यांच्या वतीने मागणं घालतात आणि प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आबांचा आवाज आदल्या दिवसामुळे बसलेला होता.

"बा गणपती म्हाराजा, ह्या इमारतीतली तुझी लेकरां वर्साभर खंयखंय पोटामागे धावतत, पण तुझ्या सणाक तुझ्या पायाकडे येतत. त्येंका सुखरूप परत धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग ते म्हणाले, "खालच्या गाळ्यातल्या त्या गरीब बायेकडून काल काय चुकला आसात, तर ता तुझ्या पोटात घे. तिच्यार कोप करू नको रे म्हाराजा!"

दयेनेच म्हणाले होते ते. बाकी कोणी तिचं नाव काढायला तयार नव्हतं. त्यांनी तिच्यासाठी रदबदली केली. आणि सगळ्यांबरोबर मीही म्हणालो, "व्हय म्हाराजा!" माझा आवाज मला ऐकू आला. बऱ्यापैकी मोठा होता.

तिसऱ्या दिवशी काकी माझ्या दाराशी आली. दर वर्षी ती भजनाला वर येते, तांदळाच्या खिरीचं पातेलं घेऊन. यंदा आली नव्हती. दाराच्या आत पाऊल टाकलं नाही.

"झिला, एक विचारतंय. तुका विजेचा कळता. माझ्या फ्रीजरान खरांच म्हाराजाक अडावल्यान?"

"तसं काही निश्चित सांगता येत नाही," मी म्हणालो. "अनेक कारणं असू शकतात."

ती माझ्याकडे बघत राहिली. "माझ्याकडे शुद्ध कित्याक बोलतंस रे?"

मग तिनेच मान हलवली. "बंद केलंय मी तो. त्याच सांजेक. मासे सगळे मागच्या माडाच्या मुळात पुरलंय. सणाक घेतलो कोण ते? कसालाक माझ्या भाच्याच्या वळखीन एक गाळो आसा. हायवेक. मीटिंगेत कोणी बोलूच्या आधी आपणच गेलेला बरा. पण आबांक तोंड दाखवूक लाज वाटता माका. म्हातारो माणूस, मांडयेर म्हाराज."

ती गेली. बायको आतून म्हणाली, "बिचारीन इतक्या वर्सांत कोणाचा वायट केल्यान नाय." मी हो म्हणालो. बायकोलाही मी सांगितलं नव्हतं.

मी असा विचार केला की विसर्जन होऊ दे, मग अध्यक्षांना बाजूला घेऊन सांगू. फार गाजावाजा न होता. रिसॉर्टचं काम तोवर पक्कं होईल, हेही त्या विचारात होतं. लपवत नाही.

पाचव्या दिवशी गौरींबरोबर आबांचा गणपती जायचा. निघण्याआधी पुन्हा गाऱ्हाणं. माणसं जमत होती. आबा खुर्चीत बसून ओठांतल्या ओठांत मागणी जुळवत होते. मला माहीत होतं, ती बाय पुन्हा त्यात येणार, आणि मला पुन्हा व्हय म्हणावं लागणार. मी त्यांच्या खुर्चीजवळ जाऊन खाली बसलो.

"आबा, एक वाक्य घालू नका."

"खंयचा?"

"खालच्या काकीचा. तिच्याकडून चुकला, ह्या."

आबांना वाटलं मीही तिच्यावर उठलोय. त्यांचा चेहरा कडक झाला. "कित्याक? देवाकडे मागूक तुझी परवानगी होयी?"

"तसा नाय, आबा. तिच्याकडून काय चुकलाच नाय."

"मगे कोणाचा नाव घालू?"

मी सांगितलं. आकडा, रेंज, अध्यक्षांची गाडी, नारिंगी दिवा, सगळं. त्यातलं त्यांना किती कळलं माहीत नाही. ते मध्ये एकदाच बोलले, "म्हणजे दिवो तू बघलेलंस." मी म्हटलं, बघितलेला. त्यांनी गणपतीकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हाराजाक माहीत आसा ता. तेका मी काय सांगू? ह्या माणसांक माहीत नाय. त्येंका तू सांग. गाऱ्हाणा थांबताला."

घरात उभं राहायला जागा नव्हती. मी शुद्ध मराठीत सुरुवात केली आणि मग मलाच ते ऐकवेना, म्हणून मालवणीत सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे माझ्या गाडयेसाठी तू..." मागून कोणीतरी म्हणालं, "आणि आमी त्या बायेक विटाळ लावलो." दुसरा म्हणाला, "चहासुद्धा पिलो ह्यो." काही जण हसले, पण ते हसू फार पुढे गेलं नाही. आबांनी गाऱ्हाणं घातलं. त्यात ना तिचं नाव होतं ना माझं. मी त्या वेळी व्हय म्हटलं की नाही, आठवत नाही.

विसर्जनाची माणसं समुद्राकडे गेली आणि मी गाळ्यात गेलो. काकी भांडी पोत्यात भरत होती. फ्रीजरचं झाकण उघडं, आत कोरडं, फडक्याने पुसलेलं. तिलाही सांगितलं. ती ऐकत होती, हातातलं पातेलं तसंच. मला वाटलं होतं शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मगे मी मासे कित्याक पुरलंय?" ती म्हणाली.

मीटिंगमध्ये ठराव झाला की गाळा तिच्याकडेच राहावा. अध्यक्ष स्वतः सांगायला गेले. ती म्हणाली, कसालवाल्याक शब्द दिलो हा. शब्दाचं कारण होतं, पण तेवढंच नव्हतं. ज्या बायकांनी तिच्याकडून वर्षानुवर्षं कढी नेली, त्यांनी त्या पाच दिवसांत तिच्या दारावरून जाताना पदर सावरला होता. ते ठरावाने कसं पुसणार?

तारकर्लीचं काम दुसऱ्याला गेलं. त्याचं मला वाईट वाटलं, आणि एवढं सगळं होऊनही त्याचं वाईट वाटतं याचं जास्त वाटलं. आमच्या पार्किंगच्या फरश्या मी स्वतः फोडल्या आणि वायर ओढली. आता पेटीला कोणाच्या रेंजची गरज नाही. आबा अजून लिफ्टमध्ये बसत नाहीत. खाली आले की जिन्याने, एकेक पायरी, आणि वर जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवतात. तो हात आधारासाठी असतो की आणखी कशासाठी, मी विचारलेलं नाही.

परवा कसालला गेलो होतो. काकीची खाणावळ चांगली चालते, हायवेचं गिऱ्हाईक. तिने मला ताट वाढलं. मग समोर बसली.

"बरा झाला इलंस. गाळ्याचो मालक म्हणता, दारात गाडयेंचे चार्जर लावूचे आसत. हायवे आसा मां. काम तुका देऊया काय, विचारी होतो."

मी हातातला घास ताटात ठेवला.

"माझ्या फ्रीजराचा काय होतला?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती.

"काकी, वायर ओढून करतलंय. आणि तरी पेटयेचा बोलणा तुटलाच, तर आधी गाडये उपाशी. तुझो फ्रीजर नाय. तो आकडो मी तुझ्यासमोर भरतंय."

"माका आकडो काय कळतलो रे?"

"दिवो कळतलो. नारिंगी झालो की गाडये थांबतले. तू स्वतः त्या वायरीचो प्लग काढून बघ, पाहिजे तितक्या वेळा."

तिने फ्रीजरकडे बघितलं. तोच जुना, झाकणाला एक पोचा आलेला. आत बांगडे असावेत, वास येत होता. ती उठली आणि माझ्या ताटात आणखी भात घातला.

"बघूया," ती म्हणाली, आणि तव्यावरची सुरमई उलटायला गेली.